पक्का दात बसवण्याआधी

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. मराठीच्या तासाला आम्ही ही म्हण शिकवतो आणि पुढच्याच तासाला उर्दूच्या वर्गात तिची सख्खी बहीण भेटते. दोन्ही भाषांतल्या म्हाताऱ्यांचे दुखणे एकच. अलीकडे मात्र ही म्हण फळ्यावर लिहिली की मुले हसतात. "आता दात विकत मिळतात की," असे मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणतेच.

मुलांचे काही चुकत नाही. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावातही दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्द दिसू लागला आहे. लोक त्याला 'स्क्रूचे दात' म्हणतात, कुणी 'पक्के दात', कुणी 'फिक्स दात'. कांद्याचे पैसे आले, निवृत्तीचा फंड हाती आला किंवा मुलगा रियाधहून सुट्टीवर आला की घरात विषय निघतो: अम्मीला कवळीच करायची की स्क्रूचे दात बसवून टाकायचे? मग कुणी म्हणते, शेजारच्या चाचांनी बसवले आणि ते ऊस सोलून खातात. कुणी म्हणते, अमक्याचे सहा महिन्यांत हलायला लागले, लाख रुपये पाण्यात गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. एकाच प्रकारचा स्क्रू एका तोंडात तीस वर्षे टिकतो आणि दुसऱ्यात सहा महिन्यांत निघतो तो का, हे आधी समजून घेतले पाहिजे. आम्ही डॉक्टर नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसलो, विचारत राहिलो आणि वाचत राहिलो, त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा आटे असलेला खिळा. तो हिरडीखाली जबड्याच्या हाडात बसवतात. तो हाडात पक्का धरला की त्यावर एक जोडतुकडा लावतात आणि त्यावर दाताची कॅप. म्हणजे एका दातात खरे तर तीन वस्तू असतात. हे तीन तुकडे लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशेबात ते कामाला येतील.

यातली खरी किमया डॉक्टरच्या हातात नसते आणि कंपनीच्याही नसते. ती हाडात असते. स्वीडनमधले संशोधक पेर-इंग्वार ब्रानेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. काम संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाडाने धातूला आपलेच मानून घट्ट धरले होते. त्यातून पुढे १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले असे दात बसले. जन्मापासून जबडा सदोष, खाण्या-बोलण्याचे हाल. ते इम्प्लांट त्याला २००६ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त, पुरले.

तेव्हा डॉक्टर खिळा फक्त जागेवर ठेवतो, धरायचे काम हाडाने करायचे असते. खालच्या जबड्यात त्याला साधारण तीन महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड पोकळ, मऊ, तिथे सहा महिनेही लागतात. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. मुरमात रोवलेला खांब आणि पाणी भरलेल्या काळ्या रानात रोवलेला खांब, दोन्ही पहिल्या दिवशी सरळच दिसतात. राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. डाळिंबाची बाग लावण्याआधी माती तपासून घ्यावी हे इथल्या लहान शेतकऱ्यालाही आता सांगावे लागत नाही. दाताच्या बाबतीत मात्र आपण रोप आधी विकत घेतो आणि मातीचे नाव नंतर काढतो.

आमच्या फुफींचे असेच होणार होते. वय साठीच्या पुढे, खालचे सगळे दात गेलेले, वरची कवळी ठीक पण खालची जेवताना तरंगायची. ज्यांच्या घरात खालची कवळी आहे त्यांना हे दुखणे माहीत आहे. खालच्या कवळीला धरून ठेवायला टाळू नसतो आणि जीभ तिला सतत ढकलत असते. नातवाचे लग्न ठरले होते. मुलगा त्यांना एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे सहा स्क्रू, तीन दिवसांत पक्के दात आणि अडीच लाख रुपये असा हिशेब मिळाला. फुफींनी पाटल्या काढून ठेवल्या. साखर किती, कोणती औषधे चालू, तंबाखू आहे का, यातले त्यांना तिथे कुणी काही विचारले नव्हते.

पाटल्या सराफाकडे जाण्याआधी दुसरा सल्ला घेऊ, एवढेच आम्ही म्हटले आणि त्यांना एका दंत महाविद्यालयात नेले. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, मिश्री लावता का?" फुफींनी ठामपणे मान हलवली. मुलीने त्यांचा उजवा हात हातात घेतला, तर्जनीचे टोक पाहिले आणि काही न बोलता कागदावर लिहून घेतले. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा चाळीस वर्षांचा रंग बोटावरून असा जात नाही. दात गेले तरी हिरड्यांना मिश्री चालूच होती. रक्त तपासले तर तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४. सल्ला मिळाला तो असा: मिश्री पूर्ण बंद, साखर खाली आणा, तीन महिन्यांनी या, मग स्कॅन करू.

फुफी संतापल्या. "मेरे कू दाँत होना, परीक्षा नको," असे त्या गाडीत बसल्यावरही म्हणत होत्या. लग्न त्या जुन्या तरंगत्या कवळीवरच निभावले. पण मिश्री सुटली, ती सुनेने डबाच लपवल्यामुळे सुटली हेही सांगितले पाहिजे. साखर सातच्या आसपास आली आणि पुढे उन्हाळ्यात खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसले. सहा नव्हे, दोन. तीन महिन्यांनी त्या दोन स्क्रूंवर चोळीच्या चापाच्या बटणासारखे गोळे बसवले आणि नवी खालची कवळी त्यावर टक्कन बसायला लागली. रात्री काढायची, धुवायची, सकाळी लावायची. आता त्या ज्वारीची भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे खातात आणि कवळी जागची हलत नाही. खर्च पहिल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला.

हा दोन स्क्रूंचा मार्ग कुणी काटकसर म्हणून काढलेला नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले होते की खालच्या बिनदाती जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी ही पहिली निवड मानावी. तरीही आपल्याकडे बऱ्याच घरांपर्यंत हा पर्याय पोचतच नाही. एकीकडे साधी कवळी, दुसरीकडे सहा-आठ स्क्रूंचा संपूर्ण जबडा, मधले कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा.

तीन दिवसांत दात देण्याची पद्धत खोटी आहे असा अर्थ मात्र यातून काढू नये. हाड भरपूर आणि टणक असेल, स्क्रू बसवतानाच घट्ट धरला असेल, तर त्यावर लगेच तात्पुरते दात देता येतात आणि चांगले डॉक्टर ते देतात. पण तसे हाड कुणाचे आहे हे तपासल्यावर कळते, जाहिरात वाचून कळत नाही. मिश्री लावणाऱ्या आणि साखर ९ च्या वर असलेल्या बाईला न तपासता तीन दिवसांचा वायदा करणे म्हणजे तिच्या पाटल्यांवर डोळा ठेवणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साखरेबद्दल थोडे अधिक. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. ताब्यातल्या साखरेत ते होते. त्या दिवशीची उपाशीपोटीची साखर पाहून भागत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी हवी. ती सात-साडेसातच्या आत असली तर डॉक्टर निश्चिंत असतात. आठच्या वर असली तर बहुतेक जण थांबायला सांगतात, आणि थांबायला सांगणारा डॉक्टर चांगला समजावा. तंबाखूचे गणित आणखी सरळ आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे आम्ही लिहायला नको. घरातल्या पुरुषाने आपल्या तोंडात ५० हजारांचा दात बसवायचा आणि त्याच्या शेजारी पुडी दाबायची, हे घरातल्या बाईने चालू देऊ नये.

औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवताना एक औषध हमखास विसरले जाते. म्हाताऱ्या बायकांना हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एकदा गोळी देतात, कधी सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन देतात. वर्षातून एकदाच घेतलेले इंजेक्शन कुणाच्या लक्षात राहणार? पण या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड न भरता उघडे पडते आणि सडते. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत दिलेली असतील किंवा मानेला-जबड्याला किरणोपचार झालेले असतील तर धोका बराच वाढतो. म्हणून जुन्या फायली पिशवीत घालून न्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

आता स्कॅन. साध्या दाताच्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा तिन्ही बाजूंनी दाखवणारा स्कॅन करतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावली तर ओठ बधिर राहतो, कधी कायमचा. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. ही दोन ठिकाणे स्कॅनवर दाखवून, इथे किती जागा आहे हे जो समजावून सांगतो त्याच्याकडे पुढची फेरी मारावी.

हाड कमी पडले तर भरावे लागते. दात काढल्यावर त्या जागेचे हाड झिजू लागते आणि पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणून दाढ काढायला जातानाच विचारून ठेवावे की पुढे इथे दात बसवायचा झाला तर आत्ता काही करायला हवे का. बहुतेक जण दाढ काढतात, पाच वर्षे तसेच राहतात आणि मग हाड भरण्याचा वेगळा खर्च ऐकून चकित होतात.

हे हाड कशाने भरतात, हा आपल्या घरांचा खास प्रश्न आहे आणि तो विचारायला संकोच वाटू देऊ नये. हाडाची भुकटी चार ठिकाणांहून येते: स्वतःच्या शरीरातून काढलेले हाड, दान केलेल्या मानवी देहातले हाड, जनावराचे हाड (बहुतेक वेळा गाय-बैलाचे) आणि कारखान्यात कॅल्शियम फॉस्फेटपासून बनवलेली कृत्रिम भुकटी. भुकटीवर एक पातळ पडदा झाकतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या या पडद्यांपैकी बरेच डुकराच्या कोलाजेनपासून तयार होतात. डबीवर ते बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेले असते आणि डॉक्टर मुद्दाम लपवतात असे नाही, त्यांच्या ते मनातच येत नाही. प्रक्रियेने मूळ वस्तू इतकी बदलते की तिचा हुकूम बदलतो का, नाइलाजाच्या वेळी काय, यावर उलेमांची मते आहेत आणि ती आपल्या मुफ्तींनाच विचारावीत. आमचे म्हणणे एवढेच की हा प्रश्न खुर्चीत तोंड उघडे ठेवून पडल्यावर विचारण्याचा नाही. आठ दिवस आधी विचारला तर पर्याय असतात. कृत्रिम भुकटी मिळते, गोवंशीय कोलाजेनचे पडदे मिळतात आणि काही ठिकाणी रोग्याचेच थोडे रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातून पडदा तयार करतात. शेजारच्या काकूंनाही हे सांगून ठेवा. भुकटी गाईच्या हाडाची आहे हे कळले तर त्यांनाही आधी विचारायला आवडले असते.

दीनच्या बाजूने आणखी दोन शंका वारंवार येतात. तोंडात धातू कायमचा ठेवणे चालते का? अरफजा बिन असअद या सहाबींचे नाक कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक लावले, ते सडू लागले, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना सोन्याचे नाक लावायला सांगितले. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये आहे आणि दात सोन्याने बांधण्याची चर्चा फुकहांनी तिच्याच आधारे केली आहे. टायटॅनियम तर सोनेही नाही. दुसरी शंका गुस्लची. हनफी मसलकात फर्ज गुस्लमध्ये चूळ भरणे फर्ज आहे. हाडात पक्का बसलेला दात स्वतःच्या दातासारखाच धरतात, तो काढायचा प्रश्न नाही. काढता येणारी कवळी मात्र गुस्लच्या वेळी काढून चूळ भरावी असे उलेमा सांगतात. फुफींची बटणाची कवळी यात मोडते.

जाता जाता आमच्यासारख्या वर्गात इतिहास सांगण्याची खोड असलेल्यांसाठी एक गोष्ट. कुर्तुबाजवळचे अबुल कासिम अज-जहरावी १०१३ साली वारले. त्यांच्या 'किताबुत तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधण्याची रीत दिली आहे आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात कोरून बसवण्याचीही.

रमजानचे दिवस टाळा, हे वेगळे सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वेळेवर गोळ्या, थंड पातळ अन्न आणि भरपूर पाणी लागते. थुंकीत रक्त येते, ते गिळले जाण्याची धास्ती राहते. हज-उमऱ्याला निघण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतही स्क्रू बसवून घेऊ नये. टाके सुटले, सूज आली तर मिनामध्ये आपला डॉक्टर कुठे शोधणार?

आता पैसा. एका दाताचा एकूण खर्च सध्या साधारण २० हजारांपासून ५० हजारांपर्यंत होतो, कधी त्याच्याही वर. '१२ हजारांत इम्प्लांट' अशी पाटी दिसली तर समजा की ती किंमत फक्त खिळ्याची आहे. आधी सांगितलेले तीन तुकडे आठवा: खिळा, जोडतुकडा, कॅप. त्यात स्कॅन, हाड भरणे, तात्पुरता दात आणि पुढच्या तपासण्या हे सगळे वेगवेगळे लिहून मागा. खिळा हाडाने धरला नाही आणि काढावा लागला तर दुसरा बसवण्याचे पैसे कोण देणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. कंपनीची 'आजीवन गॅरंटी' बहुतेक वेळा खिळ्यापुरती असते, पुन्हा करायच्या कामाची नसते. आरोग्य विम्यातही अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसींमध्ये दात बसत नाहीत.

हप्त्यांची सोय आता दवाखान्यातच मिळते. 'बिनव्याजी' असे लिहिलेले असते, पण कागद एखाद्या वित्त कंपनीचा असतो. त्यात प्रक्रिया शुल्क असते आणि हप्ता चुकला की व्याज सुरू. आपल्या घरांनी त्यात पडण्याचे कारणच नाही, कारण हे काम मुळात चार-सहा महिने टप्प्याटप्प्याने चालते. खिळा बसवताना एवढे, जोडतुकड्याला एवढे, कॅपला एवढे, असे दवाखान्यालाच टप्प्याने देऊ का, हे विचारले तर अनेक डॉक्टर आनंदाने हो म्हणतात. सगळी रक्कम पहिल्या दिवशी मागणाऱ्याकडून आम्ही तरी परत फिरू.

खर्च कमी हवा असेल आणि वेळ देता येत असेल तर दंत महाविद्यालये आहेत. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरजवळ घुलेवाडीला एसएमबीटीचे आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. पुण्यात कॅम्पमधल्या आझम कॅम्पसवर एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे, ते आपल्या अनेक वाचकांना मुलांच्या प्रवेशामुळे माहीत असेलच. अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, रांगेत बसावे लागते, एसटीचा दिवस जातो. पण प्रत्येक टप्पा दोन जोडी डोळ्यांखालून जातो. खासगीत जायचे तर डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी पाहावी, ती दवाखान्यात लावलेली असते. आणि आधी किती जणांचे केले, त्यांतले पाच वर्षांपूर्वीचे कुणी भेटेल का, हेही विचारावे. बाजारात चटईवर बसून तारेने आणि लाल मसाल्याने दात 'फिक्स' करणाऱ्यांबद्दल काय लिहावे? त्या मसाल्याखाली अन्न अडकून शेजारचे चांगले दातही सडतात. ते इम्प्लांट नव्हेच.

प्रत्येक गेलेल्या दाताच्या जागी खिळा बसवलाच पाहिजे असेही नाही. सगळ्यात मागची एक दाढ गेली आणि वर-खाली मिळून समोरासमोर भिडणारे वीस दात शाबूत असतील तर बहुतेक माणसे नीट खाऊ शकतात. दोन्ही बाजूंच्या दातांवर आधीच कॅप आहे आणि मधला एकच गेला, तर ब्रिज हा चांगला, लवकर होणारा उपाय आहे. उलट शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी त्यांना घासून बारीक करणे जिवावर येते, तिथे इम्प्लांट शोभतो. 'मला इम्प्लांटच का, ब्रिज का नको?' या प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देतात त्यावरून बरेच कळते.

शिक्षक म्हणून एक गोष्ट राहवत नाही. मैदानावर चेंडू लागून किंवा मोटारसायकलवरून पडून पुढचा दात मुळासकट निघतो, मुले तो फेकून देतात. फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, थंड दुधात टाका आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे पोचा. पक्का दात पुन्हा जागेवर बसू शकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढत असतो आणि खिळा वाढत नाही. काही वर्षांत तो दात शेजारच्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. मुलींच्या बाबतीत साधारण सतरा-अठरा, मुलांच्या बाबतीत त्याहूनही पुढे थांबतात. तोवर चिकटवलेला किंवा काढता येणारा दात चालतो. आम्हाला माहीत आहे की रिश्ते बघायला सुरुवात झाली की पुढच्या दाताची घाई होते. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या जबड्यात पाहुणे यायच्या आधी खिळा ठोकून घेऊ नका. मुळात सोळाव्या वर्षी पाहुणेच बोलावू नका.

बसवून झाल्यावर बहुतेक घरे समजतात की काम संपले, हा लोखंडाचा दात, याला काय होणार? त्याला कीड लागत नाही हे खरे. पण भोवतालची हिरडी आणि हाड आपलेच असते. त्यावर घाण साचली की हिरडी सुजते, मग हाड खाली सरकते आणि एक दिवस खिळा हलतो. नैसर्गिक दाताखाली जसा संवेदनशील पडदा असतो तसा इथे नसतो, म्हणून बऱ्याचदा दुखतही नाही. ब्रश करताना रक्त येणे हीच पहिली खूण, ती दिसली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावे. मिस्वाक सुन्नत आहे, ती करावीच. पण दोन दातांमधल्या फटीत ती पोचत नाही, तिथे बारीक बाटली-ब्रशसारखा मिळणारा छोटा ब्रश रात्री फिरवावा लागतो. अम्मीचे हात थरथरत असतील तर हे काम सुनेने किंवा नातीने करायचे आहे, हे दात बसवण्याआधीच घरात ठरलेले असावे. सहा महिन्यांनी तपासणीही.

आणि एक कागद. खिळ्याच्या डबीवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर कंपनीचे नाव, खिळ्याची लांबी-जाडी आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. ती आपल्या फायलीत चिकटवून मागा. प्रत्येक कंपनीचा आटा वेगळा आणि उघडायचा पेचकसही वेगळा. दहा वर्षांनी जोडतुकडा सैल झाला, तोवर इथला डॉक्टर गाव सोडून गेला किंवा आपला मुलगा शारजाला गेला, तर तिथल्या डॉक्टरला त्या पट्टीवरूनच कळेल की आत काय आहे. फुफींची पट्टी आम्ही त्यांच्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहे, कारण घरात कुठलाही कागद हरवला तरी रेशनकार्ड हरवत नाही.